वेग रसायनाचा की ठोकळ्याचा?

गेल्या अंकात तापीकाठच्या भूजलातल्या नायट्रेटवर लिहिताना मी एक वाक्य घाईत टाकलं होतं : प्रयोगशाळेत मोजलेला अभिक्रियेचा वेग मोठ्या ठोकळ्यांच्या मॉडेलमध्ये (म्हणजे जमीन ठोकळ्या-ठोकळ्यांत वाटून संगणकावर केलेल्या हिशेबात) जसाच्या तसा घालू नये. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. ते वाक्य सविस्तर सांगायला हवं होतं हे मला मान्य आहे. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : मॅडम, पीएच.डी.साठी मी यावल-रावेर पट्ट्यातल्या भूजलाचं मॉडेल केलं आहे. एकेक ठोकळा १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद. नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणाऱ्या जिवाणूंचा वेग मी बोअरमधल्या मातीचे नमुने बाटल्यांत ठेवून मोजला. दहा दिवसांत नायट्रेट निम्मं होतं. हाच वेग घातला की मॉडेलमधलं नायट्रेट बघता बघता नाहीसं होतं. विहिरींत मात्र ते आहे तसंच आहे. माझं मोजमाप चुकलं का? सर म्हणतात, वेगाला शंभरने भाग, जुळेल.
– एक संशोधक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : तुझं मोजमाप बरोबर आहे. तो वेग बाटलीचा आहे आणि तू तो १०० मीटरच्या ठोकळ्याला लावलास, एवढंच झालं. सरांचा शंभराचा भागाकार मात्र करू नकोस. का, ते पुढे सांगते.

आधी एक ढेकूळ दाखवते. आमच्या मळ्याशेजारी नवी ट्यूबवेल खोदत होते तेव्हा वर आलेल्या गाळातून मी ते उचलून आणलं होतं. आपल्या भागात बोअरवाले खोलीचा हिशेब कसा सांगतात ते तू ऐकलंच असशील : पिवळी माती, मग रेती, मग गोटे, पुन्हा पिवळी माती. हे ढेकूळ रेतीला लागून असलेल्या चिकण थरातलं. नारळाएवढं. खुरप्याने मधोमध चिरलं. आतला भाग राखाडी, काळपट झाक असलेला, नाकाशी धरला तर सडक्या पाल्यासारखा वास. रेतीच्या बाजूला मात्र बोटाच्या पेराएवढी पिवळी कड. आत आणि बाहेर यांच्यातली रेघ इतकी स्पष्ट होती की पट्टी लावून मोजावी.

आतल्या राखाडी भागात जुना सेंद्रिय कार्बन शिल्लक आहे. तेच जिवाणूंचं अन्न. नायट्रेट आणि ऑक्सिजन येतात रेतीतून वाहणाऱ्या पाण्याबरोबर. दोघांची गाठ पडते ती फक्त त्या कडेपाशी. वर्षानुवर्षं तिथला कार्बन संपत गेला आणि कड पिवळी झाली. रेतीच्या मधोमध वाहणाऱ्या पाण्यात नायट्रेट भरपूर, कार्बन जवळजवळ नाही. चिकणमातीच्या पोटात कार्बन भरपूर, पण तिथे नायट्रेट पोहोचत नाही. बाटलीत तू माती फोडलीस, पाण्यात कालवलीस, हलवत ठेवलीस. तिथे प्रत्येक कणाला प्रत्येक थेंब भेटला. जमिनीत असं हलवणारं कोणी नाही.

आता हेच आकड्यांत. एक ठोकळा घे आणि मनातल्या मनात त्याचे दोन अर्ध कर. एका अर्धात नायट्रेट ८०, कार्बन शून्य. दुसऱ्यात कार्बन १०, नायट्रेट शून्य. अभिक्रियेचा वेग दोघांच्या गुणाकारावर ठरतो असं धरू. पहिल्या अर्धात ८० गुणिले शून्य, दुसऱ्यात शून्य गुणिले १०. एकूण अभिक्रिया शून्य. मॉडेलला मात्र ठोकळ्याच्या आतलं दिसत नाही, त्याच्याकडे सरासरीच असते : नायट्रेट ४०, कार्बन ५. गुणाकार २००. म्हणजे जमिनीत काहीच घडत नाही आणि मॉडेलमध्ये धडाक्याने नायट्रेट संपतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. मोरचुदाची बादली आणि चुन्याची बादली बांधावर शेजारी शेजारी ठेवून बोर्डो मिश्रण होत नाही. एकात दुसरं ओतावं लागतं. गुणाकारांची सरासरी आणि सरासरींचा गुणाकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातला फरक म्हणजे ठोकळ्याच्या आत दोन द्रव्यं एकमेकांपासून किती फटकून आहेत त्याचं माप. ठोकळा जितका मोठा, तितकं हे फटकून राहणं जास्त पोटात घेतलं जातं.

हे निव्वळ कागदी गणित नाही. २००२ साली ग्रॅमलिंग, हार्वी आणि मेग्स यांनी याचा सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. क्रायोलाइट या खनिजाची वाळू पाण्यात जवळजवळ पारदर्शक दिसते. तशी वाळू भरलेल्या पेटीत त्यांनी आपल्या ओळखीचं मोरचूद आणि ईडीटीए (तांब्याला धरून ठेवणारं एक रसायन) अशी दोन द्रावणं एकापाठोपाठ सोडली. दोघं भेटले की गडद निळा रंग होतो, तो कॅमेऱ्याने टिपला. नेहमीच्या समीकरणाने जितका निळा पदार्थ व्हायला हवा होता त्याहून सुमारे २० टक्के कमी झाला. ही अभिक्रिया जवळजवळ तत्क्षणी होणारी आणि वाळू एकसारखी चाळलेली. तरीही वाळूच्या कणांमधल्या फटींत दोन द्रावणं पुरती मिसळली नाहीत. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचे गोटे, रेती आणि चिकणमातीचे थर त्यापुढे किती गुंतागुंतीचे!

आता तुझ्या बाबतीत खरा वेग कोण ठरवतं ते पाहू. दहा दिवसांत निम्मं म्हणजे अभिक्रियेला लागणारा काळ (निम्मं होण्याचा काळ भागिले ०.६९) साधारण १४ दिवस. रेतीच्या थराच्या मध्यापासून चिकणमातीच्या कडेपर्यंत १० सेंटीमीटर अंतर आहे असं धर. नायट्रेटचं विसरण, म्हणजे पाण्यात आपोआप पसरत जाणं, सेकंदाला साधारण चौरस मीटरच्या अब्जाव्या भागाएवढं. अंतराचा वर्ग भागिले विसरण : एक कोटी सेकंद, म्हणजे ११६ दिवस. आधी तिथवर पोहोचायचं, मग खाल्लं जायचं. ढोबळ मानाने दोन्ही काळांची बेरीज, १३० दिवस. आता समज, तुझे जिवाणू दुप्पट चपळ निघाले, १४चे ७ झाले. बेरीज १२३. बाटलीतला वेग दुप्पट झाला आणि जमिनीतला पाच टक्क्यांनी बदलला! हेच अंतर एक मीटर असेल तर काळ दहापट नव्हे, शंभरपट होतो, जवळपास ३२ वर्षं. पाणी वाहताना थोडी आडवी घुसळण होते, तिच्यामुळे हे आकडे काहीसे कमी होतील. पण चित्र तेच राहील. पोहोचायचा काळ भागिले अभिक्रियेचा काळ या गुणोत्तराला डामकोलर अंक म्हणतात. गेरहार्ड डामकोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे अंक १९३६मध्ये मांडले. तुझ्या थरात तो ८च्या आसपास आहे आणि जाड रेतीत ८००. अंक एकाहून पुष्कळ कमी असता, तर तुझा बाटलीतला वेग मी डोळे मिटून घालू दिला असता.

मग बाटलीतली मेहनत फुकट गेली का? मुळीच नाही. त्याच वेगावरून हिशेब केला तर नायट्रेट चिकणमातीत काही सेंटीमीटर शिरेपर्यंत बहुतेक संपायला हवं. माझ्या ढेकळाची पिवळी कड आठव. तुझा आकडा कडेपाशी खरा आहे. शंभर मीटरला तो खरा नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. मॉडेलच्या ठोकळ्यात शिरलेला थेंब त्याच क्षणी पूर्ण ठोकळाभर पसरला असं गणित धरतं. नेहमीच्या साध्या पद्धतीत यातून जे खोटं विक्षेपण, म्हणजे वाहता वाहता होणारं पसरणं, शिरतं ते ठोकळ्याच्या निम्म्या लांबीएवढं असतं. तू कागदावर विक्षेपणाचे ५ मीटर लिहिलेस तरी १०० मीटरच्या ठोकळ्यात गणित आपणहून सुमारे ५० मीटरचं मिसळणं घालतं. नुसतं प्रदूषण कुठवर पसरलं एवढंच पाहायचं असेल तर हे एक वेळ चालून जातं. अभिक्रिया असेल तर चालत नाही, कारण खोटं मिसळणं खरी द्रव्यं संपवतं आणि संपलेलं नायट्रेट मॉडेलमध्ये परत येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. २००४ साली एका प्रकल्पासाठी मी अगदी तुझ्यासारखं मॉडेल केलं होतं आणि अहवालात लिहिलं होतं की पाच वर्षांत गावच्या बहुतेक विहिरी मर्यादेच्या आत येतील. पाच वर्षांनी मी स्वतः बाटल्या घेऊन त्या गावात गेले. एकाही विहिरीतला आकडा उतरला नव्हता, दोन ठिकाणी चढला होता. एका विहिरीवर धुणं धुणाऱ्या आजी मला ओळखून म्हणाल्या, "तू तं म्हने होती ना माय, पानी चांगलं होईन म्हनून?" त्यांच्या घरात तेव्हा तीन महिन्यांचं बाळ होतं. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून तुझं पत्र आल्या दिवशीच उत्तर लिहायला बसले.

आता शंभराचा भागाकार. आजच्या विहिरींशी तो जुळेल, नक्की जुळेल. पण त्या शंभरात काय दडलं आहे? आजचा पाण्याचा वेग, आजचा उपसा, आजच्या नायट्रेटची वाटणी. उद्या उन्हाळ्यात शेजारी चार मोटारी जास्त चालल्या, पाणी रेतीतून दुप्पट वेगाने धावलं, की तो आकडा मोडला. आणि आपण मॉडेल करतो ते उद्यासाठीच ना?

माझा सल्ला असा. बाटलीतला वेग आहे तसा ठेव, पण तो योग्य जागी घाल. प्रत्येक मोठ्या ठोकळ्याचे मनाने दोन माठ कर : एक वाहत्या पाण्याचा, एक साचलेल्या पाण्याचा. कार्बन आणि जिवाणू साचलेल्या माठात, अभिक्रिया तिथेच, तुझ्याच वेगाने. दोन माठांना जोडणारी बारीक तोटी म्हणजे देवाणघेवाणीचा दर. मोजपट्टीचा सगळा प्रश्न त्या तोटीत जातो आणि रसायन स्वच्छ राहतं. जाड-पातळ थर एकत्र असतील तर एकाऐवजी तीन-चार तोट्या कर, बारीक आणि मोठ्या.

तोटी किती उघडायची हे कसं ठरवायचं? बोअरच्या नोंदींवरून एकाच ठोकळ्याचा उभा छेद काढ, १०० मीटर लांब आणि २० मीटर खोल. तो पाच सेंटीमीटरच्या बारीक जाळीत कापलास तर आठ लाख चौकोन होतात. तुझ्या विभागातल्या संगणकावर हे चालेल. पातळ थरांशी आणि कडेपाशी जाळी याहून बारीक ठेव. त्यात पाणी सोड आणि पूर्ण छेदात मिळून किती नायट्रेट खर्च झालं ते मोज. मग पाण्याचा वेग बदलून पुन्हा, नायट्रेट बदलून पुन्हा. पावसाळ्याचा वेग आणि मे महिन्यातल्या उपशाचा वेग हे दोन्ही त्यात हवेतच. थरांची मांडणी दहा-वीस वेगवेगळ्या तऱ्हांनी करून बघ, कारण दोन बोअरच्या मधे काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. यातून कमीत कमी ते जास्तीत जास्त असा आकड्यांचा जो पट्टा निघेल तो मोठ्या मॉडेलला दे. प्रबंधात एक रेघ न काढता पट्टा काढ, परीक्षकांनी हटकलं तरी.

सरांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की दगडांच्या झिजेचा अभ्यास करणाऱ्यांना हा अनुभव फार आधीपासून आहे. प्रयोगशाळेत फेल्डस्पारसारखी खनिजं ज्या वेगाने विरघळतात त्यापेक्षा डोंगरात ती शंभर ते लाख पट हळू विरघळलेली दिसतात. त्यामागे मिसळण्याखेरीजही कारणं आहेत. पण शंभर ते लाख एवढा पल्ला असताना नेमका शंभरच का, हे त्यांना विचारायला हरकत नाही.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? महासंगणक आहेत. सगळीच जाळी बारीक करून टाकावी.
– एक गणित शिक्षक, शहादा

उत्तर : सर, गणित तुमचंच आहे, करून पाहू. १० किलोमीटर लांब, १० किलोमीटर रुंद, ५० मीटर खोल एवढाच तुकडा. एक सेंटीमीटरचे ठोकळे केले तर पाचावर पंधरा शून्यं. प्रत्येकात एकच आकडा, आठ बाइटचा, साठवायचा तरी ४० पेटाबाइट होतात, म्हणजे एक टेराबाइटच्या ४० हजार डिस्क. आणि ही एका क्षणाची स्थिती झाली. आपल्याला वर्षानुवर्षं पुढे जायचं आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे प्रत्येक सेंटीमीटरला रेती आहे की चिकणमाती हे भरणार कुठून? बोअर आहेत ते शेता-शेतांच्या अंतरावर.

तुमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातली पांझरेवरची फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालचं रान फडांत वाटलेलं, एका फडात एक पीक, आणि पाणी द्यायला पाटकरी. कोणत्या वाफ्यात किती पाणी मुरलं हे पाटकरी मोजत नसे. पण उसाचा फड भिजायला किती वेळ लागतो, पाट भरून चालला तर किती आणि निम्मा चालला तर किती, हे त्याला पक्कं ठाऊक. ते ज्ञान फडाचं होतं, वाफ्याचं नव्हतं, आणि वाफ्याच्या ज्ञानाला नुसतं गुणून ते आलेलं नव्हतं. मोठ्या ठोकळ्याला असाच ठोकळ्याच्या मापाचा नियम लागतो.

प्रश्न : मी रासायनिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. खनिज तेलाच्या साठ्यात हवा सोडून तेल जमिनीतच पेटवण्याच्या पद्धतीवर सेमिनार आहे. तुमचं म्हणणं की मोठा ठोकळा अभिक्रिया जास्त दाखवतो. माझ्या सिम्युलेशनमध्ये उलट होतंय, आग लागतच नाही. ठोकळा बारीक केला की लागते. मग तुमचा नियम चुकीचा का?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : फार चांगला प्रश्न. तुमचं निरीक्षणही बरोबर आहे. मी 'नेहमी जास्त' असं म्हणायला नको. सरासरीने होणारी चूक कोणत्या बाजूला जाईल हे अभिक्रियेच्या वळणावर ठरतं.

ही पद्धत आपल्याला लांबची नाही. उत्तर गुजरातेत मेहसाणा भागातल्या बलोल क्षेत्रात १९९० साली तिचा पथदर्शी प्रयोग झाला आणि १९९७पासून बलोल-सांथल इथे ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिथलं तेल जड, घट्ट. थोडं तेल जमिनीत जाळायचं आणि त्या उष्णतेने व वायूंनी उरलेलं विहिरीकडे ढकलायचं. पेटलेला पट्टा काही सेंटीमीटर ते फार तर वीतभर-हातभर जाड. सिम्युलेशनचा ठोकळा दहा-वीस मीटरचा.

भरिताची वांगी भाजताना बघा. पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदचं हिरवं वांगं टाकलं की जाळाकडची साल काळी होऊन तडकते, आतून फसफस आवाज येतो, आणि त्याच वेळी देठाकडचा भाग हाताला नुसता कोमट लागतो. आता जाळाची उष्णता सगळ्या वांग्यात सारखी वाटून टाकली असं समजा. पूर्ण वांगं कोमटच्या थोडं वर जाईल आणि तासभर ठेवलं तरी भाजलं जाणार नाही. भाजणं घडतं ते जिथे तापमान खूप चढलं आहे तिथेच.

आकडे घ्या. ठोकळ्याचा दहावा भाग ५०० अंश सेल्सिअसला, बाकीचा ६० अंशांना. सरासरी १०४ अंश. सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा) मोलला १०० किलोज्यूल धरून अऱ्हेनियसच्या सूत्रात (तापमानावरून अभिक्रियेचा वेग देणाऱ्या) १०४ अंश घाला आणि वेग काढा. मग दहाव्या भागाचा ५०० अंशांचा वेग काढून त्याला दहाने भागा. दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे बारा लाख पट येतो. तुम्ही स्वतः कॅलक्युलेटरवर करून पाहा, केल्याशिवाय सेमिनारला उभे राहू नका. तापमान घातांकात बसलेलं असल्यामुळे थोडासा तापलेला भाग सगळं काम करतो आणि सरासरी त्यालाच विझवते. म्हणून तुमची आग लागत नाही.

काही जण यावर सक्रियण ऊर्जा कमी करून आग 'लावून' घेतात. ते भुसावळच्या शंभराच्या भागाकारासारखंच. यापेक्षा चांगला मार्ग आगीचं स्वरूप ओळखून निघतो. पेटलेल्या पट्ट्यात अभिक्रिया इतकी वेगवान आहे की तिथे रसायनाचा वेग कुणाची वाट अडवत नाही. वाट बघावी लागते ती ऑक्सिजनची. मग ठोकळ्यात अऱ्हेनियस ठेवायचाच कशाला? किती इंधन कोकच्या (तेल तापून उरलेल्या कोळशासारख्या पदार्थाच्या) रूपात मागे उरतं ते बारीक जाळीच्या सिम्युलेशनवरून आणि प्रयोगशाळेतल्या दहननळीवरून ठरवायचं, आणि आत येणाऱ्या ऑक्सिजनच्या हिशेबाने ते जाळायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठात टोनी कोव्हसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच अऱ्हेनियसविना जाणारी दिशा मांडली. तिच्यातली मेख अशी की आग लागणार की विझणार, हा प्रश्न या पद्धतीला विचारता येत नाही. आग चालू आहे हे तिने गृहीत धरलेलं असतं. हवा फार कमी सोडली तर आग मंदावून तेलाचं अर्धवट ऑक्सिडेशन होतं. तो धोका तपासायला पुन्हा बारीक जाळीकडेच जावं लागतं.

तुमच्या आणि भुसावळच्या विद्यार्थिनीच्या मॉडेलमध्ये चूक उलट दिशांना गेली, पण दोन्हीकडे खरा मालक पुरवठाच निघाला. तिच्याकडे नायट्रेट कडेपर्यंत येण्याचा, तुमच्याकडे ऑक्सिजन आगीपर्यंत येण्याचा.

प्रश्न : ताई, आमच्या केळीच्या बागा आहेत, विहिरीचंच पाणी पितो. आमच्याकडे एका अहवालाचा कागद फिरतोय. त्यात लिहिलंय की नायट्रेट नैसर्गिकरीत्या काही वर्षांत कमी होईल. विश्वास ठेवावा का? पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?
– एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, आधी शेवटचं. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि लिटरमागे नायट्रेट वाढतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वरच्या दुधासाठी हे पाणी वापरू नका, उकळलेलंही नाही. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडू शकतं. आरओ यंत्राने नायट्रेट बरंच कमी होतं; साध्या गाळणीने किंवा तुरटीने होत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्यात सवलत नाही. तुमच्याकडे तपासणीचा कागद असेल तर एकक नीट वाचा. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट नायट्रोजन' लिहितात, तिथे मर्यादेचा आकडा १०च्या आसपास असतो. १२ लिहिलेलं बघून 'पंचेचाळीसच्या खूप खाली' असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत. ते १२ म्हणजे ५३ होतात.

आता अहवाल. तो मी वाचलेला नाही, म्हणून खरा-खोटा म्हणणार नाही. पण तो घेऊन जो कोणी गावात बोलायला येईल त्याला तीन गोष्टी विचारा. तुमच्या मॉडेलचा ठोकळा किती मीटरचा आहे? नायट्रेट संपण्याचा वेग कुठे मोजला, बाटलीत की शिवारात? आणि बाटलीतला असेल तर ठोकळ्यासाठी तो कसा बदलला? हे प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही. तिसऱ्याला "बदलला नाही" असं उत्तर आलं, तर 'काही वर्षांत' या शब्दांवर भरवसा ठेवून विहिरीचं पाणी प्यायचं ठरवू नका.

कमी करणं तुमच्या हातात आहे ते वरच्या टोकाला. युरिया ठिबकमधून थोडा थोडा, जास्त हप्त्यांत द्या. व्हेंच्युरीने (ठिबकच्या पाण्यात खत ओढून मिसळणाऱ्या उपकरणाने) खत सोडल्यावर मोटार तासन्‌तास चालू ठेवू नका. नळ्या धुऊन निघतील एवढंच साधं पाणी पुरे, नाही तर खत मुळांच्या खाली उतरतं. पिलबागेला (जुन्या केळीच्या फुटव्यांवर घेतलेल्या पिकाला) नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीचा, डोस डोळे झाकून देऊ नका, आधी माती तपासा. एकदा खाली गेलेलं नायट्रेट रेतीतून वाहत राहतं आणि वाटेत चिकणमातीची कड भेटेल तेव्हाच थोडं थोडं संपतं.

विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासून घ्या, मे अखेरीस आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालवून मग बाटली भरा, काठोकाठ, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. पुढच्या पत्रात मला दोन्ही वेळचे आकडे, विहिरीची खोली, आणि खोदताना रेती किती फुटांवर लागली ते कळवा. खोदणाऱ्यांपैकी कोणी अजून गावात असेल तर त्यालाच विचारा. त्या रेतीला लागून काळपट चिकण माती निघाली होती का, हेही.